अब्रुनुकसानीचा कायदा: सोसायटीच्या ग्रुपपासून शिवाजीनगर कोर्टापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणी अपमान केला की अब्रुनुकसानी झाली, असं समजायचं का?

नाही. तुमच्या मनाला किती लागलं, हे या कायद्यात मोजलं जात नाही. तिसऱ्या माणसाच्या नजरेत तुमची किंमत उतरली का, एवढंच बघितलं जातं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. त्याआधी भारतीय दंड संहितेची ४९९ ते ५०२ ही कलमं होती. व्याख्या जवळपास तीच राहिल्यामुळे जुन्या निकालांचा आधार आजही घेता येतो. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनंच कलम लावावं लागतं.

गुन्हा ठरायला चार गोष्टी लागतात. एखाद्यावर दोषारोप हवा. तो कुणाबद्दल आहे हे ओळखता यायला हवं. तो त्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कुणापर्यंत पोचलेला हवा. आणि यामुळे त्याचं नाव खराब होईल असा हेतू, जाणीव किंवा तसं समजायला कारण तरी असायला हवं. नाव खराब होणं म्हणजे काय, तेही कायद्याने सांगितलं आहे: माणसाचं चारित्र्य किंवा बुद्धी, जात किंवा व्यवसायाच्या दृष्टीने त्याची प्रतिष्ठा, अथवा त्याची पत लोकांच्या लेखी खाली येणं, किंवा त्याच्या शरीराची अवस्था किळसवाणी आहे असा समज पसरणं.

पार्किंगवरून समोरासमोर शिवीगाळ झाली तर ती सहसा या कलमात बसत नाही. शांतता भंग व्हावी म्हणून चिथावणीच्या हेतूने केलेला अपमान कलम ३५२ मध्ये येतो, आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव कलम ७९ मध्ये. ही कलमं वेगळी, त्यांची पायरी वेगळी. तक्रारीत सगळी कलमं एकत्र कोंबली तर पुढे एकही धड उभं राहत नाही.

ज्याच्याबद्दल लिहिलं, त्यालाच पत्र पाठवलं तर?

बंद पाकिटातलं पत्र फक्त त्याच्याच हाती पडलं असेल तर ते ‘प्रसिद्ध’ झालं नाही, म्हणून अब्रुनुकसानीही नाही. पण तेच पोस्टकार्डावर लिहिलं, ईमेलमध्ये आणखी चौघांना प्रत लावली, किंवा सोसायटीच्या ऑफिसच्या पत्त्यावर उघडं पाठवलं, तर चित्र बदलतं. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच धागा दिसेल. काय लिहिलं याइतकंच ते कुणाकडे लिहिलं यालाही वजन आहे, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

मी नाव घेतलं नव्हतं. मग?

‘आमच्या बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचे माजी खजिनदार’ असं लिहिल्यावर नाव घ्यायची गरज उरते का? वाचणाऱ्यांना माणूस ओळखू आला की पुरे. मात्र ‘सगळे बिल्डर चोर’, ‘रिक्षावाले लुबाडतात’ अशा सरसकट विधानांवर एखादा बिल्डर किंवा रिक्षाचालक सहसा तक्रार करू शकत नाही. समूह निश्चित आणि ओळखता येण्याजोगा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये नरसिंहन विरुद्ध चोक्कप्पा या प्रकरणात सांगितलं आहे. ‘अमुक सोसायटीच्या सात जणांच्या कमिटीने पैसे खाल्ले’ म्हटलं तर सातही जण तक्रारीला मोकळे.

मी तर उपरोधाने लिहिलं होतं.

पुण्यात हा बचाव फार ऐकू येतो आणि कोर्टात अजिबात चालत नाही. उपरोधिक किंवा आडवळणाचं विधानही अब्रुनुकसानी ठरू शकतं, असं कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. कायद्यातलं उदाहरण तर आपल्या पाट्यांच्या थाटाचं आहे: ‘झ प्रामाणिक माणूस आहे, ब चं घड्याळ त्याने कधीच चोरलं नाही,’ असं म्हणून नेमका उलटा समज करून द्यायचा. घड्याळ कुणी चोरलं असं विचारल्यावर न बोलता झ कडे बोट दाखवणं आणि झ घड्याळ घेऊन पळतोय असं चित्र काढणं, हीदेखील तिथलीच उदाहरणं. थोडक्यात, मीम आणि इमोजी सुटत नाहीत.

जे लिहिलं ते खरं असेल तर काही होत नाही ना?

दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत तसं नाही. तिथे पहिल्या अपवादाखाली विधान खरं असणं आणि ते सार्वजनिक हितासाठी प्रसिद्ध केलेलं असणं, दोन्ही दाखवावं लागतं. शेजाऱ्याचा वीस वर्षांपूर्वीचा घटस्फोट खरा असेलही, पण तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यात कुणाचं हित आहे?

आणि ‘खरं’ म्हणजे सिद्ध करता येईल असं खरं. अपवादाचा आधार घेणाऱ्यावरच तो दाखवून देण्याची जबाबदारी असते. फिर्यादीइतका कडक पुरावा त्याच्याकडून अपेक्षित नसतो, शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं तरी भागतं, पण काहीतरी ठोस हवंच. हातात कागद आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावावरची पत्रं खरी मानून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने त्यांच्यावर टीका केली. पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. आजच्या स्क्रीनशॉटला हेच लागू आहे: तो तुमच्याकडे आला याचा अर्थ तो अस्सल आहे असा होत नाही.

‘सद्भावनेने केलं’ हा बचाव कधी चालतो?

कलमात दहा अपवाद आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशांचा पाया सद्भावना हा आहे. मराठीत या शब्दाला मनाच्या चांगुलपणाचा वास येतो. कायद्यात मात्र त्याचा अर्थ योग्य ती काळजी आणि लक्ष देऊन केलेली गोष्ट असा आहे. मन साफ होतं पण चौकशी काहीच केली नाही, तर ती सद्भावना नव्हे. म्हणून कोर्टात प्रश्न येतात ते असे: लिहिण्याआधी कागद मागितले होते का, समोरच्याला विचारलं होतं का, तारीख-रकमा तपासल्या होत्या का?

रोजच्या आयुष्यात सगळ्यात कामाचे अपवाद आठवा आणि नववा. आठवा सांगतो की त्या विषयात कायदेशीर अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी नाही. नवव्यात स्वतःच्या, दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान येतं. सातवा अधिकारातल्या वरिष्ठाने दिलेल्या समजेला संरक्षण देतो, आणि दहावा सावधगिरीच्या इशाऱ्याला. बाकीचे सरकारी नोकरांचं सार्वजनिक वर्तन, सार्वजनिक प्रश्न, न्यायालयीन कामकाजाचा वृत्तांत, निकालांवरची टीका आणि लोकांपुढे ठेवलेल्या कलाकृतीवरचं मत यांबद्दल आहेत. नाटकाचं कठोर परीक्षण लिहा, खुशाल. नटाच्या घरात शिरू नका.

सोसायटीच्या हिशोबात घोळ आहे अशी शंका आहे. ग्रुपवर विचारू का?

विचारा, पण प्रश्न विचारा, निकाल देऊ नका. ‘२०२४-२५ च्या ताळेबंदात दुरुस्ती निधीतून अमुक रक्कम खर्ची दाखवली आहे, तिची बिलं बघायला मिळतील का?’ या वाक्याला हात लावणं कठीण. ‘सेक्रेटरीने निधी गिळला’ हे वाक्य सव्वाशे सभासदांसमोर टाकलंत की पुरावा द्यायची जबाबदारी तुमची. तीच शंका लेखी तक्रार म्हणून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दिलीत तर आठवा अपवाद पाठीशी उभा राहतो. तिथेही ‘चोर’, ‘लफंगे’ असली विशेषणं टाळा. विशेषणांनी तक्रार जोरदार होत नाही, उलट सद्भावना नव्हती हे दाखवायला समोरच्याच्या वकिलाला आयतं साधन मिळतं.

आणखी एक नेहमीची चूक: तक्रार योग्य ठिकाणी देतात आणि तिची पोच घेतली की तोच फोटो ग्रुपवर टाकतात. उपनिबंधकांकडे जाताना मिळालेलं संरक्षण ग्रुपवर आपोआप सोबत येत नाही.

थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावली तर?

फ्लॅट नंबर, देय रक्कम, कोणत्या तारखेपर्यंतची, एवढंच आणि बरोबर लिहिलेलं असेल तर कमिटीची बाजू भक्कम असते: सभासदांचं हित, खरी माहिती, मर्यादित वाचक. बिघडतं कुठे? रकमेबद्दल वाद चालू असताना ती निर्विवाद म्हणून दाखवली, पैसे भरल्यावरही यादी तशीच लटकत ठेवली, किंवा तिचा फ्लेक्स गेटबाहेर रस्त्याकडे तोंड करून लावला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना कुणाचा मेंटेनन्स थकलाय हे कळून सोसायटीला काय मिळतं, याचं उत्तर साक्षीत देता येत नाही.

मी फक्त फॉरवर्ड केलं, लिहिलं दुसऱ्यानेच.

पुन्हा पसरवणं हेही प्रसिद्ध करणंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बदनामीकारक मजकूर रीट्वीट करण्याला हे कलम लागू शकतं असं म्हटलं आहे. ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड’ असं खाली लिहिल्याने जबाबदारी जात नाही.

ग्रुप ॲडमिनवर केस होते का?

केवळ ॲडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सभासदाच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरायचं तर समान हेतू किंवा आधीपासूनची आखणी दिसायला हवी. ॲडमिनने स्वतःच तो मजकूर पुढे ढकलला, तर तो ॲडमिन म्हणून नव्हे, लिहिणारा म्हणून अडकतो.

दवाखान्याला, क्लासला किंवा हॉटेलला वाईट रिव्ह्यू दिला. नोटीस येईल?

येऊ शकते. टिकेलच असं नाही. ‘दीड तास थांबावं लागलं, मिसळ गार होती, पुन्हा जाणार नाही’ हा अनुभव आणि मत आहे. ‘डॉक्टरांची पदवी बनावट आहे’, ‘शिळं तेल पुन्हा वापरतात’ ही वस्तुस्थितीबद्दलची विधानं आहेत आणि ती सिद्ध करावी लागतात. रिव्ह्यूत तारीख लिहा, बिल जपून ठेवा, जे पाहिलं तेवढंच लिहा. चार बनावट खात्यांवरून तोच रिव्ह्यू टाकला तर सद्भावनेचा मुद्दा तिथेच संपतो. आणि ‘पैसे परत करा नाहीतर एक स्टार देतो’ असं लिहून पाठवणं सगळ्यात वाईट, कारण मग विषय धमकी आणि खंडणीच्या कलमांकडे वळतो.

पोलिसांनी फक्त एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात दिली. त्यांनी टाळलं का?

नाही, कायदाच तसा आहे. अब्रुनुकसानी अदखलपात्र (कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही असा) आणि जामीनपात्र गुन्हा आहे. सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानीचं कलम घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला, आणि याच निकालात या गुन्ह्यात एफआयआर होत नाही, दंडाधिकारीही पोलिसांना तसा आदेश देऊ शकत नाहीत, हे स्पष्ट केलं. तेव्हा चौकीवर हेलपाटे घालण्यात महिने घालवू नका. एन.सी.ची प्रत मात्र ठेवा, घटनेच्या तारखेचा आधार म्हणून ती कामी येते.

पोलिसांकडे जाण्यासारखं कधी असतं? तुमच्या नावाने बनावट प्रोफाइल काढलं, खोटं पत्र किंवा बदललेला स्क्रीनशॉट तयार केला, तुमचा पासवर्ड किंवा ओळख वापरली, तेव्हा. प्रतिष्ठेला धक्का देण्यासाठी केलेली बनावटगिरी (कलम ३३६ चं पोटकलम ४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-क, म्हणजे ओळख चोरणं, हे दखलपात्र आहेत. अशा वेळी तक्रारीत बदनामीचं पुराण आधी लावण्यापेक्षा बनावट खात्याची पूर्ण लिंक, ते दिसल्याची तारीख-वेळ आणि तुमचं खरं खातं पहिल्या परिच्छेदात द्या.

फौजदारी तक्रार करावी की दिवाणी दावा?

दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, पण हेतू वेगळे. फौजदारीत कमाल शिक्षा दोन वर्षं साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. समाजसेवेची शिक्षा नव्या संहितेने आणली. ती बदनामी करणाऱ्याला लागू आहे. बदनामीकारक मजकूर जाणूनबुजून छापणारा आणि विकणारा यांच्यासाठीच्या पोटकलमांत तो पर्याय नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ५० हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतात. नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम हवा असेल तर दिवाणी कोर्टातच जावं लागतं.

खर्चाचं गणित आधी मांडा. फौजदारी तक्रारीला कोर्ट फी नाममात्र. दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेवर फी चढत जाते, महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा २०१८ पासून १० लाख रुपये आहे. म्हणूनच नोटिशीत ‘पाच कोटी’ लिहिणारे दावा दाखल करताना पाच लाखांवर येतात. नोटिशीतला आकडा बघून झोप उडवून घेऊ नका.

मुदत किती?

दिवाणी दाव्याला फक्त एक वर्ष. लेखी मजकुराला तो प्रसिद्ध झाल्यापासून, तोंडी बदनामीला शब्द उच्चारल्यापासून. फौजदारीला तीन वर्षं. एन.सी., नोटीस, नोटिशीचं उत्तर, ‘बघू, मिटवू’ यातच वर्ष निघून जातं आणि भरपाईचा रस्ता बंद होतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालेलं दिसतं.

पोस्ट अजून इंटरनेटवर आहे म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होते, असं धरून चालू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पहिल्या प्रसिद्धीपासूनच मोजायचं असं ठरवलं. कुणी तोच मजकूर नव्याने टाकला तर गोष्ट वेगळी.

पुण्यात तक्रार कुठे आणि कशी दाखल होते?

घटना ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, त्या हद्दीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. शहरात शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय आहेच, पण लष्कर, खडकी, पिंपरी इथेही कोर्टं आहेत, आणि चुकीच्या ठिकाणी दाखल केलेली तक्रार परत घेऊन फिरावं लागतं. दिवाणी दावा जिथे नुकसान झालं तिथे किंवा प्रतिवादी राहतो-व्यवसाय करतो तिथे, वादीच्या पसंतीने, लावता येतो.

तक्रार बाधित व्यक्तीनेच करायची असते. मूल, आजारी किंवा मानसिक असमर्थ व्यक्तीच्या वतीने कोर्टाच्या परवानगीने दुसरा करू शकतो. तक्रारीत नेमके शब्द जसेच्या तसे अवतरणात द्या, ‘अश्लाघ्य भाषेत बदनामी केली’ असा गोषवारा चालत नाही. मजकूर इंग्रजी किंवा हिंदीत असेल तर मूळ आणि भाषांतर दोन्ही. कुठे, कधी, कुणी वाचलं हेही लिहा. मग तुमची आणि साक्षीदारांची शपथेवर पडताळणी होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम २२३ नुसार आता दखल घेण्याआधीच आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. जुन्या कायद्यात ही पायरी नव्हती, आणि यामुळे सुरुवातीलाच काही तारखा वाढतात. आरोपी त्या कोर्टाच्या हद्दीबाहेर, समजा नाशिकला, राहत असेल तर प्रोसेस (आरोपीला बोलावण्याचा आदेश) काढण्याआधी चौकशी सक्तीची. त्यानंतर समन्स.

एक गोष्ट वकील सांगतात आणि पक्षकार विसरतात: हा समन्स खटला (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी साध्या पद्धतीने चालणारा खटला) आहे. तारखेला फिर्यादी गैरहजर राहिला तर कोर्ट आरोपीला निर्दोष सोडू शकतं. रागाच्या भरात तक्रार करणाऱ्याने पुढची तीन-चार वर्षं तारखांना येण्याची तयारी आहे का, हे स्वतःला आधी विचारावं.

स्क्रीनशॉट पुरेसा आहे का?

एकटा नाही. डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५-ब). त्याचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेला तिचा अंक-अक्षरांतला ठसा, लिहावं लागतं. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी हे मूल्य बदलतं, म्हणून त्याला महत्त्व.

दिसल्या दिवशीच काय करावं? पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ आणि मागचे-पुढचे संदेश दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, कापलेले नकोत. ग्रुपचं पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा. सभासदांची यादी दिसेल असाही फोटो घ्या, कारण मजकूर किती जणांपर्यंत गेला हे त्यावरून दाखवता येतं. सार्वजनिक पोस्ट असेल तर पूर्ण लिंक लिहून ठेवा. ज्या फोनवर संदेश आला तो विकू नका, फॉरमॅट मारू नका. फोन बदलायचा झाल्यास जुना कपाटात ठेवा. स्क्रीनशॉटवर लाल गोल आणि बाण काढून तीच एक प्रत ठेवणारे बरेच असतात, खुणा करायच्या तर दुसऱ्या प्रतीवर करा.

आणि माणूस लागतो. मजकूर वाचलेला, तुम्हाला आधीपासून ओळखणारा, कोर्टात येऊन बोलायला तयार असा निदान एक साक्षीदार. ‘ग्रुपमध्ये सगळ्यांनी वाचलं’ म्हणणारे सगळे तारखेच्या दिवशी गावाला गेलेले असतात.

भरपाई किती मिळते?

ठरलेला दर नाही. मजकूर किती गंभीर, किती पसरला, चूक कळल्यावर काय केलं, माफी कधी मागितली, आणि प्रत्यक्ष नुकसान (गेलेलं काम, रद्द झालेला करार) दाखवता येतं का, हे बघतात. पुण्यातलाच दावा सगळ्यांच्या तोंडी असतो. १० सप्टेंबर २००८ रोजी टाइम्स नाऊ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्या न्यायमूर्तींच्या नावाशी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो सुमारे १५ सेकंद दाखवला. पुणे जिल्हा न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींचा हुकूमनामा दिला. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी जमा करायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हा निकाल अपवाद आहे. तो मोजपट्टी म्हणून वापरून स्वतःच्या दाव्याचा आकडा ठरवू नये.

मजकूर लगेच काढून टाकायचा हुकूम मिळतो का?

कधी कधी. खटल्याआधीच तोंड बंद करायला कोर्टं कचरतात, आणि कचरावंच. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी अंतरिम मनाई रद्द करताना बजावलं की मजकूर दुष्टबुद्धीचा किंवा उघड खोटा असल्याचं दिसल्याखेरीज असा हुकूम सहज देऊ नये. समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यामार्फत लिहा, पण सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालानंतर (२०१५) कायद्याने मजकूर हटवायची सक्ती त्यांच्यावर येते ती मुख्यतः कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर. ‘मजकूर खोटा आहे’ एवढं तुम्ही कळवून भागत नाही.

कंपनी, मृत व्यक्ती, महापालिका: यांची अब्रू?

कंपनी आणि संस्था तक्रार करू शकतात. मृत व्यक्तीबद्दलचं विधान कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असेल तर फौजदारी होऊ शकते, दिवाणी भरपाईचा हक्क मात्र माणसासोबत संपतो. महापालिका किंवा सरकार स्वतःच्या कारभारावरच्या टीकेसाठी भरपाईचा दावा करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या राजगोपाल निकालात आलं आहे. मंत्री किंवा सरकारी नोकराच्या शासकीय कामाबद्दलच्या विधानावर सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात तक्रार करू शकतात, त्याला शासनाची पूर्वमंजुरी आणि सहा महिन्यांची मुदत आहे. खड्ड्यांबद्दल बिनधास्त बोला. ‘अमुक अभियंत्याने अमुक रक्कम घेतली’ म्हणताना कागद हवा.

ऑफिसात छळाची तक्रार केली, आता अब्रुनुकसानीची धमकी येते आहे.

अंतर्गत समितीकडे किंवा पोलिसांकडे सद्भावनेने दिलेली तक्रार आठव्या अपवादात येते, धमकीने मागे हटू नका. समाजमाध्यमावर जाहीर केलं तर लढाई लांबू शकते. दिल्लीच्या कोर्टाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी, माजी मंत्री एम. जे. अकबर यांच्या अब्रुनुकसानीच्या तक्रारीत, त्यांच्यावर छळाचा आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमाणी यांना निर्दोष ठरवताना स्त्रीला हव्या त्या व्यासपीठावर, अनेक वर्षांनंतरही, तक्रार मांडण्याचा अधिकार असल्याचं म्हटलं. तो दंडाधिकाऱ्यांचा निकाल आहे, इतर कोर्टांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादात त्याचा उपयोग होतो.

मला वकिलाची नोटीस आली आहे. आज काय करू?

आज: नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकू नका, समोरच्याला फोन करून भांडू नका. मूळ मजकुराची प्रत जपून ठेवा आणि मगच, वकिलाशी बोलून, तो काढायचा का ते ठरवा. नोटिशीतली ‘सात दिवस’ किंवा ‘पंधरा दिवस’ ही मुदत कायद्याने दिलेली नसते, पण उत्तर न देणं शहाणपणाचं नाही. उत्तरात आरोप पुन्हा रंगवून लिहू नका. मजकूर मत होतं की वस्तुस्थिती, कोणत्या कागदांवर आधारलेला होता, कुणाला पाठवला होता, एवढंच मुद्द्याने द्या.

समन्स आलं तर जामीन हा हक्क आहे. प्रत्येक तारखेला हजेरीतून सूट मागता येते. तक्रारच निराधार असेल तर ती रद्द करण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली मुंबई उच्च न्यायालयात जाता येतं. १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालेल्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या हद्दीत पुणे जिल्हा नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

माफी मागून मिटवता येतं का?

हो, हा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा आहे, आणि सोसायटी-नातेवाईक-जुने भागीदार यांच्यातले वाद मिटवणंच आमच्या मते बहुधा सोयीचं. पण माफीचा मसुदा नीट करा. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ हे वाक्य कुणाचंच समाधान करत नाही आणि आठ दिवसांत भांडण पुन्हा पेटतं. कोणत्या तारखेचं कोणतं विधान, ते चुकीचं होतं की पुराव्याअभावी मागे घेतलं जात आहे, माफी कुठे टाकायची (जिथे बदनामी झाली तोच ग्रुप), किती दिवस पिन करून ठेवायची, मूळ मजकूर कुणी हटवायचा, आणि दोन्ही बाजूंनी कोणकोणत्या तक्रारी मागे घ्यायच्या, हे सगळं कागदावर आणा. दिवाणी दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या तडजोडीवर अपील होत नाही.